मोरीला हाड नसतं

ग्रामीण रुग्णालय, मालवण. खोली नंबर चार.
इथे मी हाडांचे फोटो काढतो.
"हलू नका" म्हणतो, बटण दाबतो,
"हला" म्हणतो.
दिवसातून तीस-चाळीस वेळा.

भागीरथी कुबल टेबलावर चढली
तेव्हा आधी गुडघा वाजला, मग ती हसली.
"आयकलंस? सुक्या वल्यासारखो वाजता."
चाळीस वर्षं दांडीच्या वाळूवर उकिडवी,
पायाखाली आदोळी, पुढ्यात मासळी.
तिच्या बोटांना खवल्यांची चकाकी आहे,
साबणानं न जाणारी.

पडद्यावर हाडं आली.
मांडीचं जाड, नडगीचं सरळ,
वरून वाटी, धुऊन उपडी घातल्यासारखी.
"मधी काळा काय ता?"
ती फट, काकी. फटीत गादी असते.
कूर्चा म्हणतात पुस्तकात.
ती फोटोत येत नाही.
दोन हाडं एकमेकांपासून किती लांब राहिलीत
त्यावरून ती आहे असं धरायचं.
"आणि माझ्यात?"

बाहेरच्या अंगाला होती, नखाच्या कडेएवढी.
आतल्या अंगाला हाड हाडाला टेकलेलं,
ओहोटीत वाळूला लागलेल्या होडीसारखं.
मी बोट ठेवलं. बोललो काहीच नाही.

"मोरयेक हाड नसता," ती म्हणाली.
"सगळी चबणी. कण्यातून सुरी जाता
काकडीतून गेल्यासारखी.
मेली की दात तेवढे मागे.
वायच तिच्यातला माझ्यात घाला मगे."

हे तिला सांगितलं नाही:
गादीत रक्त जात नाही, नस जात नाही,
म्हणून झिजताना ती ओरडत नाही.
ती गेल्यावर ओरडतं ते हाड.
हे मात्र सांगितलं:
पाऊल टेकलं की ती दाबली जाते, पाणी सोडते,
उचललं की पिते.
बसून राहणाऱ्याची उपाशी मरते.
"म्हणजे चालूचा," ती म्हणाली,
"चालाक येत नाय म्हणान तर इलंय."

शाळेत पाठ केलेलं आठवलं:
बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा.
तेव्हा वाटायचं, माणूस कुणा सुतारानं
घराच्या उरल्यासुरल्या सामानातून केला.

आणि स्नायू.
त्यांना ढकलता येत नाही, नुसतं ओढता येतं,
म्हणून हाडाला दोन बाजूंनी दोन लागतात.
रापणीसारखं, काकी, दोन टोकांना दोन दोर.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी कधी दोर धरलाच नाही हे तिला कळलं.
"रापण दोन्ही टोकांनी एकदम ओढतत रे.
एकान सोडल्यान तर मासळी गेली."
इथे एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं असतं.
"मगे ती रापण न्हय," ती म्हणाली, "तो संसार."

फोटो सुकेपर्यंत... नाही, आता सुकवावे लागत नाहीत,
पण बाकावर बसायची सवय लोकांची अजून तीच.
ती बसली. तेवढ्यात शबाना होडेकर,
कडेवर अयान, दीड वर्षांचा, ओट्यावरून पडलेला.
मनगट सुजून पुरीसारखं.
आईनं हात दाबून धरला, मी म्हटलं हलू नका,
तो हललाच. दुसऱ्यांदा जमलं.

पडद्यावर पाच बोटांची बारकी हाडं,
हाताची दोन,
आणि मधे, जिथे आठ खडे असायचे,
दोन ठिपके.
बाकी नुसता काळोख.
शबानाचा आवाज फुटला, "हाडं कुठं गेली ओ?"
गेली नाहीत. यायचीत अजून.
काळं दिसतंय ते सगळं मऊ आहे, हळूहळू हाड होईल.
मोडलं काही नाही.

बाकावरून भागीरथीनं मान लांब केली,
पडद्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं.
"मोरी आसा तो आजून," म्हणाली,
आणि सुजलेला हात सोडून
दुसऱ्या हाताचं मनगट चिमटीत धरलं,
ताजी मासळी दाबून बघतात तसं.

मग फोटो काखेत घालून उठली.
बाहेर तीन पायऱ्या. ती आडवी उतरली,
कठड्याला धरून, एकेक.
दुसरीवर वाजला.
मी पुढचं नाव पुकारलं.