विस्तव

टोलेडोतल्या हार्डवेअरच्या दुकानात, अकरा नंबरच्या रांगेत
मी पाऊण तास उभा.
डावीकडे गॅसची ग्रिल: चार बर्नर, झाकणावर काटा,
बाजूला टॉवेल अडकवायला हूक.
उजवीकडे तीन पायांचा काळा गोल हंडा,
खाली राखेला एक थाळी,
बाकी काही नाही.

कुंपणापलीकडच्या रॉन नोवाकनं बजावलं होतं,
गॅसवर मांस नुसतं शिजतं, भाजत नाही;
त्याचा बाप काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता,
आगीबद्दल त्याला कुणी शिकवू नये.
विभावरी म्हणाली,
भरताचं वांगं कशावर नीट भाजेल तेवढं बघ.
मुलीनं धुराबद्दल काहीतरी ऐकवलं, पृथ्वीच्या बाजूनं,
आणि लगेच विचारलं, कणसं किती आणू?

कोळशाची पिशवी चकचकीत, वर सोनेरी अक्षरं,
हिकरीचं लाकूड, हातानं निवडलेलं.
किंमत वाचली आणि मनात रुपये केले,
चौदा वर्षं झाली, ही खोड जात नाही.
एवढ्यात अण्णांची इस्त्री
पंधरा दिवस तापली असती.

बार्शीला, एसटी स्टँडच्या भिंतीलगत त्यांचा गाडा.
सात किलोची पितळी इस्त्री, कडीवर कोंबडा,
पोटात निखारे.
शाळेआधी मी कोळसे फोडायचो, लिंबाएवढे:
मोठा लवकर धरत नाही, बारका टिकत नाही.
एकदा मामलेदाराच्या सदऱ्यावर ठिणगी पडली,
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक,
त्याचे पैसे दिवाळीपर्यंत फिटले नाहीत.
वर्गात मला कोळशा म्हणत.
नखं घासून घासून रक्त काढलं, तरी म्हणत.

तिथूनच फोन लावला. तिकडं संध्याकाळ.
विकत? अण्णा म्हणाले. कोळसा? आणि हौसेनं?
अरे, मी सोडला की संक्रांतीला.
आता गॅसची इस्त्री, बारक्या सिलिंडरवर.
नळी जोडली, खटका दाबला, झालं.
तुझं काय ते लवकर ठरव,
मला उगाच गॅसवर ठेवू नकोस.
आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटले.
खूप वेळ हसले, आणि खोकले नाहीत.

हे बघ, म्हणत त्यांनी दोन्ही तळवे फोनसमोर धरले.
रेषा दिसत होत्या.
एकाहत्तर वर्षांच्या त्या हातांवरच्या रेषा
मी पहिल्यांदा पाहत होतो,
कुठली कुठं जाते ते.
मागून कुणीतरी ट्रॉली घेऊन
एक्स्क्यूज मी म्हणालं, दोनदा.

गॅसची घेतली.
रविवारी कणसं झाली, कोंबडी झाली,
काट्यानं सांगितलं तेव्हा झाली.
वांग्याची सालही सुटली, सोवळ्यात सुटावी तशी,
पण भरताला वास नव्हता.
विभावरीनं बोट चाटलं आणि काही बोलली नाही,
तिचं न बोलणं मला कळतं.

मग मी कुंपणाशी गेलो, हातात चिमटा आणि स्टीलची वाटी.
रॉन, एक निखारा दे.
एकच? तो म्हणाला.
एकच.
आमच्याकडं शेजारी विस्तव मागायला जात,
हे त्याला इंग्रजीत सांगायला लागलो
आणि मधेच सोडून दिलं.
त्यानं हंड्यातून उकरून काढला
चांगला पांढरा धरलेला, आत लाल.
जिंकल्यासारखं हसला. हसू दे.

भरताच्या मधोमध वाटी, वाटीत निखारा,
वर तुपाचा थेंब, चर्र, आणि झाकण.
झाकणाच्या फटीतून आलेला धूर
मुलीच्या बाजूनं गेला; ती हलली नाही.

चिमटा ठेवताना बोटाला काळं लागलं.
मी ते पँटला पुसलं, नवी, फिकी पँट.
जायचा नाही हा डाग, विभावरी म्हणाली.
माहीत आहे, म्हटलं,
आणि वाढायला घेतलं.