हुणशीमळा

नेमगोंडांचा पुतण्या स्पेनातून आला
तो एक बाटली घेऊन.
घर जैनांचं. बाटली उंबऱ्याच्या आत येईना.
शेवटी ठेवली ट्रॅक्टरच्या शेडात, औषधाच्या पंपाशेजारी,
आणि तिच्यावरचं लेबल बघायला
मला बोलावलं.

मी वाचणार काय? मी खोकी छापतो.
कागवाडच्या नाक्यावर पत्र्याचा गाळा,
चार फ्रेमी, दोन शाया, वाळत घालायला दोरी.
पण कागद हाताला कळतो:
जाड, कापडासारखा, अक्षरं उठून आलेली,
अंधारातही नाव बोटाला लागेल अशी.

हे गावाचं नाव नाही, पुतण्या म्हणाला.
जिल्ह्याचंही नाही.
तिकडं कायदाच आहे. एखाद्या मळ्याची माती वेगळी,
हवा वेगळी, आणि वाइन वर्षानुवर्षं नावाजलेली असली
की त्या एकट्या मळ्याला त्याचं नाव मिळतं.
द्राक्षं तिथलीच हवीत, मुरवायची तिथंच.
शेजाऱ्यानं ते नाव
स्वप्नातसुद्धा घ्यायचं नाही.

नेमगोंडा बराच वेळ गप्प.
मग, "एका रानाला?
आमच्या रानानं काय घोडं मारलंय रे?"

त्यांचं रान साडेतीन एकर. नाव हुणशीमळा.
हुणशी कानडी, मळा मराठी,
आणि ती चिंच कधीच तोडलेली.
पलीकडच्या बांधाला मिरज तालुका लागतो.
इकडं लाइनमन वेगळा, तिकडं वेगळा;
इथली लाइट गेली की तिथली मोटर सुरू.
बेदाणा जातो तासगावच्या सौद्याला.
चांगला निघाला तर तो सांगलीचा.
काळा पडला तर
"कर्नाटकचा माल दिसतोय."

मंगळवारी नेमगोंडा गाळ्यावर आले.
"छाप. हुणशीमळ्याचा बेदाणा.
दुसऱ्या कुणाचा न्हवं."
मी विचारलं, उगम काय लिहू?
त्यांनी बोटं मिटायला सुरुवात केली.
पाणी कृष्णेचं.
खुंट डॉगरिज, तो मूळचा अमेरिकेचा.
वाळवायला जुनोनीला नेतो, कोरडा वारा तिथला.
निवडायला बाया मंगसुळीच्या,
आणि पेट्या राहतात मिरजेच्या कोल्ड स्टोरेजात. नाही,
ते धरायला नको.
अंगठा राहिला. माती, म्हणाले,
पण अंगठा काही मिटला नाही.

संध्याकाळी ताराक्कांनी ताटात तीन ढीग केले.
चष्मा काढून एकेक दाणा चावला.
"हा आमचा.
हाबी आमचाच, पण वरच्या तासातला, खडकाकडचा.
हा न्हवं."
कसं कळतं?
"दातात आवाज येतोय की."
पुतण्या म्हणाला, काकू, हे फॉर्मात कुठं बसवायचं?
"मग फॉर्म बदलून आण."

मी फ्रेम केली.
मराठी वर की कानडी वर, असं विचारलं
तेव्हा नेमगोंडांनी पहिल्यांदा
रस्त्याकडं बघितलं.
दोन्ही शेजारी शेजारी घेतली, सारख्या उंचीची.
पट्टीनं मोजली. कानडीचा एक काना
अर्धा मिलिमीटर जास्त भरला, तो रात्री ब्लेडनं खरवडला.
'राज्य' ही ओळ कोरी सोडलीय,
शिक्का मारता येईल एवढी.

पहिली पन्नास खोकी दोरीवर आहेत.
शाई हिरवी, थोडी पसरलेली.
अक्षरं काही उठून आली नाहीत;
ती कला आपल्या गाळ्यात नाही.

बाटली अजून शेडातच, न फोडलेली.
फवारणीच्या दिवशी पंप काढताना
नेमगोंडा तिच्यावरची धूळ पुसतात,
फक्त लेबलाच्या बाजूची.