फोड

सत्तावीस वर्षं घरात सांगून निघालो: कंपनीत जातो.
नाव कधी घेतलं नाही. भांडुपला रंगाचे डबे भरणारी,
गेटवर हिरवा पत्रा, भोंगा कायमचा बिघडलेला,
तरी लग्न ठरवताना लोक म्हणाले होते,
मुलगा बरा आहे, कंपनीत आहे.

परवा इनास मिस्किटाच्या महिन्याच्या मिस्साला
मी आणि गुंजाळ मरोळच्या गावठाणात गेलो.
मागच्या अंगणात केळीखाली खुर्च्या,
चहाबरोबर पाव.
त्याचा भाऊ फादर रेजिस, लॅटिन शिकलेला,
म्हणाला, कंपनी शब्दाची फोड माहीत आहे का?
कॉम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे भाकर.
एकत्र मोडून खाणारे, त्यांची ती कंपनी.
आणि तुमच्या बशीतला हा पाव त्याच घरातला,
पोर्तुगिजांच्या गलबतातून इकडे उतरलेला.

मी पाव चहात धरून बसलो होतो.
तो तुटून तळाला गेला.

म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं ते कंपनी सरकार?
ते कुणाच्या पंगतीला बसलं होतं?
आणि आमचे शेठ,
दिवाळीचा पुडा खिडकीतून सरकवणारे?
शेवटचा हिशेब त्यांनी दिला तो पावच,
म्हणजे आपल्या भाषेतला,
पाऊण गायब झाल्यावर उरतो तो.
देव पावतो ते आणखी निराळं;
तो भांडुपला कधी उतरलाच नाही.

पण तिसऱ्या पाळीत, रात्री अडीचला,
इनास सायकलवरून गरम लादी आणायचा.
वर्तमानपत्राची शाई पावांच्या पोटाला उमटलेली.
आमच्या हातांना थिनरचा वास,
म्हणून कागदानेच धरून खायचो.
लादी तोडताना तो विचारायचा, कडेचा कुणाला?
कडेचा त्यालाच आवडतो हे सगळ्यांना ठाऊक,
कुणी हात पुढे करत नसे,
आणि तो मुकाट्याने माझ्यापुढे ठेवायचा.
मी खायचो. एकदाही परत दिला नाही.

उलटा घातलेला ड्रम, वीस मिनिटं, सहा माणसं.
बाकी पत्रा, मस्टर, चिमणी
याला काय म्हणायचं ते फादरना विचारायचं राहिलं.

घरी पोचायला नऊ वाजले.
सून म्हणाली, एवढा वेळ कुठे होतात बाबा?
चपला काढता काढता तोंडातून निघून गेलं,
कंपनीत.

तिथे आता बावीस मजले आहेत, तिला माहीत आहे.
माझ्याकडे बघत राहिली,
मग आत जाऊन नवऱ्याला हळूच म्हणाली,
डॉक्टरांना एकदा दाखवून आणू या.