म्बासेला

पहाटे पाचला रात्रपाळी वर येते.
बाशी कासोंदे बूट दाराबाहेर झटकून ठेवतो,
बराच वेळ खोकतो,
आणि मलाच विचारतो, झोप लागली ना?

मी पंप दुरुस्तीला आलेला माणूस.
किटवेत नऊ दिवस. सुटा भाग दरबानहून निघालाय म्हणतात,
तोवर यांच्या मागच्या खोलीत, पेरूच्या झाडाखाली.

काल बाना कासोंदे मला चिसोकोने बाजारात घेऊन गेली.
टायरच्या चपला, सुकी कापेंटा मासळी,
भाजलेल्या अळ्यांचा काळसर ढीग.
दुधाच्या रिकाम्या डब्यानं अळ्या मोजणाऱ्या बाईनं
डबा ओतला, थांबली,
मग वर एक चिमूट टाकली: म्बासेला.
मापावरचं. घासाघीस न करता मिळालेलं.
"आणि नाही दिलं तर?"
"तर पुन्हा तिच्याकडे कोण जाईल?"

रात्री थोरल्या कासोंदेनं गुडघा टेकून
माझ्या हातांवर पाणी घातलं. प्लास्टिकचा जग, कान तुटलेला.
भोपळ्याची पानं, त्यात दाण्याचं कूट.
हे ओळखीचं. मी दोनदा घेतलं.
न्शिमाचा गोळा मात्र बोटांत वळेना,
धाकटी म्वेन्या हसता हसता स्टुलावरून पडली.
अळी खाल्ली. थोडी मातीसारखी, थोडी सुकटीसारखी.
दुसरी मीच उचलली.

मग सांगितलं, आमच्याकडे पाण्याच्या भांड्याला तांब्या म्हणतात,
तुमच्या या धातूवरून.
स्टीलचा असला तरी तांब्याच.
बाशी कासोंदेनं घरभर नजर फिरवली.
"छत्तीस वर्षं खाली उतरतोय.
घरात तांबं म्हणशील तर
ती बघ, बल्बची तार."

खिडकीतून काळा डोंगर दिसतो, भट्ट्यांच्या मळीचा.
थोरला रात्री तिथं उकरायला जातो.
आईला माहीत नाही, असं सगळे धरून चालतात,
आईसुद्धा.
आगगाड्या भरभरून तांबं गेलं, मापात गेलं,
आणि जाताना शहराच्या ओंजळीत
ही वरची चिमूट.

आता पेरूखाली उभा आहे.
समोर आमच्या बोलीतलं तांबडं फुटतंय;
यांना ते कसं सांगावं, सुचत नाही.
बाना कासोंदे अंगण झाडते आहे,
तोच तोच कोपरा पुन्हा.
दाराशी बुटांचा एकच जोड.