तोर्मेंताचं गाणं

पुएर्तो माँतच्या धक्क्यावर, मासळीच्या रिकाम्या पेटीवर बसून
मिल्लाराय मला तिची नायिका दाखवते.
वहीच्या सतराव्या पानावर तोर्मेंता:
पायात गमबूट, डावा एक नंबर मोठा,
पाठीवर होडीची नारिंगी ताडपत्री.

मी म्हणतो, हिला ढोल हवेत, पितळी वाद्यं हवीत,
मी शाळेच्या बँडमध्ये वाजवतो तसली.
ती एक इअरफोन माझ्या कानात खोचते.

तेच गाणं! उन्हाळाभर
एम्पानाडाच्या गाडीवर वाजून वाजून
गुळगुळीत झालेलं.
शी, हे?
थांब, म्हणते, दुसरं कडवं संपू दे.

आणि ऐकू येतो श्वास.
वरच्या सुराआधी गायिकेनं घेतलेला,
घाईचा, जरासा घाबरलेला.
पुसायचा राहून गेला असेल,
किंवा मुद्दाम ठेवला असेल कुणी.

'उडी मारण्याआधी तोर्मेंता असाच घेते.
पोहता येतं तिला. पाणी आवडत नाही.'

मग ध्रुवपद परत येतं,
तेच शब्द, शेंबड्या पोरालाही पाठ असलेली चाल.
बुडत्या होडीकडे तीही अशीच परत येते,
चौथ्यांदा, पाचव्यांदा,
नवं काही न बोलता.

मला अजूनही ढोलच हवे होते, खोटं कशाला बोलू.
पण संध्याकाळी तेंग्लो बेटाची होडी सुटताना
फळीवर एक म्हातारी अडखळली,
दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या,
आणि मिल्लाराय धावली
त्याच्या किंचित आधी
मी ऐकला तो.

तिला सांगितलं नाही.