बासचा पट्टा

दहा किलो. रद्दीवाल्याच्या काट्यावर मीच ठेवून बघितला एकदा.
तो म्हणाला, पितळ आहे, देणार असशील तर भाव बरा करतो.
देणार नव्हतो. फक्त कळायला हवं होतं
वरातभर मानेवर काय बसलेलं असतं.

बसून वाजवला तर ट्युबा मांडीवरचं पोर.
चालायला लागलं की तेच पोर दांडगं होतं,
गळ्यात हात टाकून लोंबकळतं.

पहिला पट्टा नायलॉनचा, दप्तराचा.
मिरजकर तिकटीपासून बिनखांबी गणपतीपर्यंत
त्यानं कॉलरच्या आत लाल रेघ ओढली.
दुसरा शिरोलीच्या भंगारातला, जीपचा सीटबेल्ट.
तुटायचा नाही, पण घामानं सरकायचा
आणि सरकला की माउथपीस दातावर.
पुढचा अर्धा दात त्या लग्नातला.
नवरदेव घोड्यावर हसत होता. त्याला काय माहीत.

हैदरमास्तर म्हणाले, दोन्ही खांद्यांचा घे.
घेतला. वजन वाटलं गेलं, खोटं का बोला,
पण छाती आवळली, श्वास निम्माच आत आला.
निम्म्या श्वासात बास वाजत नाही,
गोठ्यातल्यासारखा नुसता हुंबरतो.

मग एका सोमवारी बाजा उचलून सुभाषनगरात,
आनंदा टाकळ्यांच्या दारात.
त्यांनी जन्मभर पाय मोजलेले,
कागदावर पाऊल ठेवायला लावून भोवती पेन्सिल.
"कापशी म्हण, कुरुंदवाडी म्हण, देतो. ह्ये काय आणलंस?"
सांगितलं.
"चालून दाखव."
चाललो.
"तसं नगं. वाजवत चाल की."

भर दुपारी, वरातीशिवाय, गल्लीत एकटा बास.
भूम्. भूम्.
एक कुत्रं उठलं. दोन पोरं मागं लागली.
समोरच्या आक्कांनी घासायचं पातेलं हातातच धरलं.
टाकळे माझ्याकडं बघतच नव्हते.
उकिडवे बसून माझ्या चपला बघत होते.

"उजवी टाच झिजलीया.
वजन डावीकडं घेतोस आन् तोल उजवीकडं मारतोस.
किती वर्सं?"
एकोणीस.
"मग पट्टा सरळ कापून चालायचा न्हाई."

म्हशीचं चामडं काढलं, बाभळीच्या सालीत पिकलेलं.
रुंदी चार बोटं. त्यांची बोटं, माझी नव्हे.
मानेपाशी आतून जुन्या घोंगड्याचा तुकडा.
बक्कल छातीवर नाही, बगलेखाली:
"श्वासाच्या वाटंवर लोखंड नगं."

भोकं सात पाडली.
म्हटलं, एक पुरे. माझी उंची आता काय बदलणार?
आरी मेणात बुडवत म्हणाले,
"तू वाळतोस, चामडं वाढतं.
लगीनसराई संपंस्तोवर दोन-तीन आत घ्यावी लागतील.
उरल्याली फुडं जो कोण धरंल त्येला."

पुढं कोण नाही.
पोरगा डीजेच्या गाडीवर लाइटी बांधतो.
हे मी बोललो नाही, पट्टा वळवून वास घेतला.

पैसे विचारले.
"एका चपलंचं दे. जोडी कुठाय?"

परवा पापाच्या तिकटीला वरात थांबली.
पुढं कुणाचा तरी टेम्पो आडवा, नवरीचा मामा घामाघूम,
मास्तरांनी हात वर धरलेला, सगळे बाजे गप्प.
मी एक पाय बदलला
आणि पट्टा करकरला, नव्या कोऱ्या चपलेसारखा,
असा की कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ऐकू जावा.
क्लॅरिनेटवाल्या दस्तगीरनं वळून माझ्या पायांकडं पाहिलं.
पायात बूट होते. बँडचे, पांढरे, कॅनव्हासचे.
तो बराच वेळ बघत राहिला.