सेव्ह न करता

हेमू तारीनं काउंटरवर रुमाल सोडला.
आत खेळाचं यंत्र, तळहाताहून थोडं मोठं,
डावीकडची काडी अडकलेली.
"खारो वारो लागलोसा," म्हणाला.
मी झाकण उचकटलं. मीठ,
आणि एक माशाचा खवला.
तो आत कसा गेला, ते त्यालाही सांगता येईना.

"नवी काडी घाल. बटणां सगळी तपास.
पण शेवटच्या राक्षसाक मारू नुको हां.
एका घावाचो जीव उरलोसा त्येचो.
थयच ठेवलंय."
कधीपासून?
"दोन हंगाम झाले."
मग संपव की एकदाचा.
हेमू बंदराकडे बघत राहिला,
तिथं कोणीतरी जाळ्यातले खेकडे सोडवत होतं, शिव्या देत.
"अरे, दर्या आसा तो.
सोमवारी बोट भायर काढूची आसा माका."

रात्री शटर अर्धं ओढून मी यंत्र चालू केलं.
कुठल्या लांबच्या शहरात
कोणी आपली गोष्ट अर्धी ऐकली असावी.
जटा बरोबर, परशूही बरोबर,
बाणांचा भाता कधीच न संपणारा.
पण समोर दर्याला नऊ तोंडं
आणि प्रत्येक तोंडात दात.
आमच्या गोष्टीत दर्या मरत नाही.
बाण पडतो तिथवर मागे सरतो,
आणि उरलेल्या ओल्या जागेत
आम्ही घरं बांधतो, भांडतो, सातबारा काढतो.

काडी डावीकडे गेली. उजवीकडे गेली.
उडी चालली. ढाल चालली.
राहिलं एक बटण.

माझं घर तांबळडेगला.
बाबांनी लावलेले माड आम्ही पाण्याकडून मोजायचो.
पहिला पडला तेव्हा मी सातवीत.
मग विहीर मचूळ झाली,
चहा मचूळ, आमटी मचूळ,
पाहुणे विचारायचे, मीठ जास्त पडलं का?
अकरावा गेला गेल्या आषाढात, शहाळ्यांसकट.
पंचनाम्याला आलेल्या माणसानं
चप्पल हातात धरून लिहिलं:
माड, नग एक.

तपासायला हवंच होतं ना बटण.
तेवढ्यासाठीच, असं मी स्वतःला सांगितलं
आणि अंगठा दाबला.

घाव बसला. नऊही तोंडं एकदम मिटली.
वरून फुलं पडली, नगारे वाजले,
मी घाईनं आवाज कमी केला.
मग पाणी मागे गेलं.
जातच राहिलं, पडद्याच्या पार कडेपर्यंत.
खाली नुसता गाळ,
गाळात कलंडलेल्या होड्या,
आणि मधोमध तो वीर, परशू खाली टेकून,
इकडं बघतोय, तिकडं बघतोय.
कोणी चितारलं कोण जाणे,
पण एका होडीत जाळं होतं
आणि ते कोरडं होतं.
त्यावरून अनोळखी नावं सरकत गेली,
खूप नावं.

खाली प्रश्न आला: जतन करायचं?
मी नाही म्हटलं.
नाहीवर दोनदा दाबलं.
यंत्र बंद केलं, चालू केलं, पाहिलं:
दर्या उभा. नऊ तोंडं.
एका घावाचा जीव.

सकाळी हेमूनं साडेतीनशे मोजले,
पन्नास उद्या देतो म्हणाला.
काडी फिरवून बघितली, खूश झाला.
दारातून वळून विचारलं,
"शेवट काय आसा रे? बघितलंस?"
नाही, म्हटलं. बटणं तेवढी तपासली.
तो माझ्या अंगठ्याकडे बघतोय असं वाटलं.
नसेलही.

त्या रात्री जेवून मी मागच्या दारी गेलो.
भरती होती.
बाराव्या माडाच्या मुळाशी पाणी येत होतं
आणि मागे जात होतं,
काही घडलंच नाही, अशा बेतानं.
मी चप्पल काढून
थोडा वेळ त्यात उभा राहिलो.